नहपानाची चांदी, गौतमीपुत्राचा ठसा



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. म्हणून शाळेच्या पुस्तकात एका वाक्यात आटोपणारी गोष्टच मी आज विषय म्हणून घेतली आहे. ते वाक्य साधारण असे असते: गौतमीपुत्र सातकर्णीने शक क्षत्रप नहपानाचा पराभव केला. या वाक्याचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्याच नाशिक जिल्ह्याच्या मातीतून निघाला आहे, आणि तो चांदीचा आहे.

सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी नावाचे गाव आहे. तिथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती नाणी तपासली आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांचा सविस्तर वृत्तान्त छापला. नाणी १३,२५० च्या घरात होती आणि सगळीच्या सगळी नहपानाची. तोपर्यंत नहपानाचे नाणे ही दुर्मीळ वस्तू होती. पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्या विद्वानाला पश्चिमी क्षत्रपांवर लिहिताना अगदी मोजक्या नाण्यांवर भागवावे लागले होते. आता एका साठ्यातून हजारो नाणी पुढे आली. त्यातही नऊ हजारांहून अधिक, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर, नहपानाच्या मुद्रेवरच दुसऱ्या राजाने पुन्हा ठसा मारलेला होता. तो राजा गौतमीपुत्र सातकर्णी.

हे नाणे आधी नीट पाहू. ते आपल्या नखाएवढे, वजनाला सव्वादोन-अडीच ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला राजाचे मस्तक, उजवीकडे पाहणारे. त्याभोवती ग्रीक अक्षरे. भाषा मात्र ग्रीक नाही. ‘राजा क्षहरात नहपान याचे’ हा आपल्याकडचाच मजकूर ग्रीक लिपीत बसवलेला आहे. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि तोच मजकूर पुन्हा दोनदा, एकदा ब्राह्मीत आणि एकदा खरोष्ठीत. नखाएवढ्या चांदीवर तीन लिप्या. ग्रीक अक्षरे इंडो-ग्रीक राजांच्या नाण्यांची सवय सांगतात, खरोष्ठी वायव्येकडची वाट दाखवते आणि ब्राह्मी इथल्या माणसासाठी आहे. नहपानाचे घराणे कुठून कुठे आले याचा प्रवासच या नाण्यावर कोरला गेला आहे, असे मला हे नाणे पाहताना नेहमी वाटते.

आणि त्या प्रवासाचा उगम इराणात जातो. क्षत्रप ही पदवी मुळात हखामनी साम्राज्याच्या प्रांताधिकाऱ्याची. पहिल्या दारयवहूने साम्राज्याची प्रांतवार घडी बसवली तेव्हा हे अधिकारी कर गोळा करत, फौज ठेवत आणि सम्राटाच्या नावाने कारभार चालवत. दारयवहूने धनुर्धारी राजाची मुद्रा असलेले सुमारे साडेपाच ग्रॅमचे चांदीचे नाणे पाडले. ते सिग्लोस म्हणून ओळखले जाते. पण त्या साम्राज्यात चांदीचे नाणे फक्त सम्राटच पाडत होता असे नाही. सिदोन आणि टायर ही फिनिशियाची बंदरे इराणी सत्तेखाली असूनही इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्यापासून स्वतःची चांदी पाडू लागली. सिदोनच्या मोठ्या नाण्याच्या एका बाजूला त्या शहराचे वल्ह्यांचे गलबत आहे आणि दुसऱ्या बाजूला रथातला इराणचा राजा. सत्ता सम्राटाची, व्यापार शहराचा, आणि दोघांनाही एकाच नाण्यावर जागा.

याच साम्राज्याच्या पूर्व टोकाला गांधार होता. तिथे सुमारे अकरा ग्रॅम वजनाच्या, किंचित वाकवलेल्या चांदीच्या पट्ट्या चलनात होत्या. दोन सिग्लोसांचे वजन तेवढेच भरते. काबूलजवळ चमन-ए-हुजूरी इथे १९३३ साली सापडलेल्या साठ्यात अशा पट्ट्या, इराणी सिग्लोस आणि ग्रीक शहरांची नाणी एकत्र निघाली. ज्याने ती जमवली त्याला चांदीशी कर्तव्य होते. मुद्रा कोणाची हे त्याच्या दृष्टीने दुय्यम होते. कितीतरी सिग्लोसांवर सराफांनी मारलेल्या बारीक खुणाही दिसतात. नाणे हातात आले की त्याची चांदी पारखायची, खूण मारायची आणि पुढे चालू द्यायचे, ही पद्धत नहपानाच्या कितीतरी आधीपासून रुळलेली होती. जोगलटेंभीकडे वळण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे.

हखामनी साम्राज्य अलेक्झांडरने मोडले, तरी क्षत्रप ही पदवी टिकली. शक आणि पल्हव राजांच्या कारभारातून ती भारतात रुजली आणि माळवा, गुजरात, कोकण ओलांडून गोदावरीच्या खोऱ्यात आली. भूमक हा क्षहरात घराण्यातला आपल्याला नाण्यांवरून ठाऊक असलेला पहिला क्षत्रप. त्याची नाणी तांब्याची, त्यांवर बाण, वज्र, सिंहशीर्ष आणि धर्मचक्र. नहपानाने बाण आणि वज्र ठेवले, पण धातू बदलून चांदी घेतली. हा बदल मी फार मोठा मानतो. दख्खनचा काळा खडक चांदी देत नाही. म्हणजे इथल्या राजाला चांदी बाहेरून आणावी लागते, आणि ती सतत येत राहील अशी वाट त्याच्या ताब्यात असावी लागते.

ती वाट भरुकच्छाची, म्हणजे आजच्या भरूचची. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेला ‘पेरिप्लस’ हा सागरी प्रवासाचा ग्रंथ आहे. त्यात भरूचच्या राजाचे नाव मॅम्बनोस असे येते आणि बहुतेक अभ्यासक हा राजा म्हणजे नहपानच मानतात. या बंदरात रोमची सोन्याचांदीची नाणी उतरतात आणि ती स्थानिक चलनाशी बदलताना नफा होतो, असे तो लेखक नोंदवतो. मिनँडर आणि अपोलोडोटस या ग्रीक राजांची जुनी नाणी भरूचच्या बाजारात अजून चालतात, हेही तो सांगतो. ते राजे मरून तेव्हा दीडदोनशे वर्षे झाली होती. पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून भरूचला जातो, पैठण तिथून वीस दिवसांच्या वाटेवर आहे, असेही त्यात आहे. कल्याणच्या बंदराची तर नाकेबंदीच झालेली होती. तिथे चुकून गेलेली ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भरूचला नेली जात. गौतमीपुत्राच्या घराण्याचे, म्हणजे सातवाहनांचे, बंदर बंद पाडायचे, सगळा व्यापार आपल्या बंदराकडे वळवायचा, रोमची चांदी घ्यायची आणि तिच्यातून आपले नाणे पाडायचे, असे या धोरणाचे स्वरूप दिसते. त्या धोरणाच्या दख्खनकडच्या टोकाला नाशिक होते. घाटाखालून येणारी वाट इथे वर चढत होती, आणि गोवर्धन हे या भागाच्या कारभाराचे ठाणे होते. गंगापूरजवळचे गोवर्धन गाव ते नाव आजही सांभाळून आहे.

आता पांडवलेण्यांकडे या. आपण सगळे तिथे गेलेलो आहोत. शिलालेखांत त्या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे येते. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. तो दीनिकाचा मुलगा, नहपानाची मुलगी दक्षमित्रा ही त्याची बायको. या लेखांत दानांची मोठी यादी आहे. तीन लाख गाई, सोळा गावे, भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथल्या धर्मशाळा, पारडा, दमण, तापी, डहाणूच्या नद्यांवर फुकट नावा. या यादीतले मोठमोठे आकडे वाचून आपण पुढे जातो. मला मात्र त्या लेखांतले छोटे आकडे फार मोलाचे वाटतात, कारण त्यांचा हिशेब जुळतो.

वर्ष ४२, वैशाख महिना. उषवदाताने हे लेणे चारही दिशांच्या भिक्षुसंघाला दिले आणि सोबत ३,००० कार्षापणांची कायमची ठेव ठेवली. ठेव कोणाकडे? राजाच्या खजिन्यात नाही, मठाच्या कोठारातही नाही. गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक दराने, दुसरीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत करायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. आता हिशेब करा. २,००० वर महिन्याला शेकडा एक म्हणजे वीस, वर्षाचे २४०. वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे बरोबर २४०. एकही कार्षापण इकडेतिकडे नाही. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी नाशिकला बसून हा हिशेब मांडला, तो निगमसभेत वाचून दाखवला, दप्तरात नोंदवला आणि मग दगडात कोरून घेतला. दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे व्याज ९० कार्षापण येते. ते भिक्षूंच्या इतर खर्चासाठी होते.

यातली एक गोष्ट विसरू नये. हे पैसे विणकरांच्या श्रेणीने स्वीकारले. ज्या श्रेणीला वर्षाला शेकडा बारा व्याज देणे परवडते, तिच्या मागांवर पुरेसे काम असणार आणि तिचे कापड दूर जात असणार. राजे बदलले तरी श्रेणी राहील, असा दात्याचाही विश्वास होता. नाहीतर कायमची ठेव तिच्याकडे ठेवण्यात अर्थच नव्हता. नाशिकच्या या कोष्ट्यांबद्दल आपल्या शहराने जेवढे लिहायला, बोलायला हवे तेवढे अजून झालेले नाही, असे मला मनापासून वाटते. राजांच्या नावाचे पुतळे होतात, रस्ते होतात. पण शहराची पत सांभाळणारी माणसे ही होती.

उषवदाताच्या लेखात नाण्यांचा एक भावही आला आहे. देवांना आणि ब्राह्मणांना त्याने ७०,००० कार्षापण दिले आणि त्यांची किंमत २,००० सुवर्ण, म्हणजे एका सुवर्णाला ३५ कार्षापण. हे कार्षापण म्हणजे नहपानाची हीच चांदीची नाणी, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे आणि मलाही ते पटते. एक नाणे साधारण २.३ ग्रॅमचे धरले तर ३५ नाण्यांची चांदी ८० ग्रॅम भरते. सुवर्ण म्हणजे कुषाणांच्या सोन्याच्या नाण्याएवढे, सुमारे आठ ग्रॅमचे मानले तर सोन्याचांदीचे प्रमाण एकास दहा येते. त्या सुमाराच्या रोममध्ये सोन्याच्या एका ऑरियसला चांदीचे २५ दिनारियस मिळत. वजनांवरून पाहिले तर तिथे हे प्रमाण एकास अकरा-बाराच्या आसपास होते. म्हणजे भूमध्य समुद्राकाठचा भाव आणि गोदाकाठचा भाव यांत फार अंतर नव्हते. नाशिकचा बाजार जगाच्या बाजाराला जोडलेला होता, असे आपण अभिमानाने म्हणतो. त्याचा हा आकड्यांतला दाखला.

काळाबद्दल थोडक्यात सांगतो. उषवदाताच्या लेखांत ४१, ४२, ४५ ही वर्षे येतात. नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याच्या जुन्नरच्या लेखात ४६ हे वर्ष आहे. ही वर्षे शक संवताची मानली तर इ.स. ११९ ते १२४ येतात. ती नहपानाच्या स्वतःच्या राज्यकाळाची मानली तर सगळा काळ सुमारे अर्धशतक मागे जातो. ‘पेरिप्लस’चा पुरावा पाहता मी दुसऱ्या बाजूला झुकतो. वासुदेव विष्णु मिराशींनी मराठीत सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांच्या लेखांवर जो मोठा ग्रंथ लिहिला आहे, तो ज्यांना या वादात उतरायचे असेल त्यांनी वाचावा. आजच्या मुद्द्याला मात्र दोन्ही मते सारखीच मानवतात.

मग युद्ध झाले. आवश्यकसूत्रावरील जैन टीकांच्या परंपरेत या युद्धाची एक कथा आहे. पैठणचा शालिवाहन भरुकच्छावर पुन्हा पुन्हा चालून जाई, पण नहवाहनाचा, म्हणजे नहपानाचा, खजिना एवढा भरलेला, की शत्रूचे मुंडके आणणाऱ्या सैनिकाला तो मुक्तहस्ताने बक्षीस देई, आणि शहर पडत नसे. शेवटी शालिवाहनाने आपल्या मंत्र्याला तिथे पाठवले. मंत्र्याने नहवाहनाचा विश्वास मिळवला आणि त्याला देवळे, तळी, विहिरी अशा पुण्यकर्मांत खजिना खर्च करायला लावले. खजिना संपला आणि भरुकच्छ पडले. कथा ती कथाच. पण कथा सांगणाऱ्याला एक नेमके ठाऊक होते, की या राजाचे बळ त्याच्या चांदीत आहे. आणि उषवदाताच्या दानांची यादी वाचल्यावर ही कथा कुठल्या आठवणीतून उगवली असेल याचा अंदाज येतो.

विजयानंतरचे दोन लेख तिसऱ्या लेण्यात आहेत, आणि ते विजयाच्या प्रशस्तीपेक्षा जास्त बोलके आहेत. राज्यवर्ष १८. गौतमीपुत्र विजयी फौजेच्या छावणीतून गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला आज्ञा पाठवतो: पश्चिम कखडी गावातले, आजवर उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना दिले आहे. पुढे वर्ष २४ मध्ये दुसरी आज्ञा येते, ती राजाच्या आणि राजमातेच्या नावाने. तिच्यात म्हटले आहे, की ते शेत कुणी कसत नाही आणि गावात वस्तीही राहिलेली नाही, म्हणून नगराच्या सीमेवरची राजाच्या मालकीची १०० निवर्तने जमीन भिक्षूंना द्यावी. हे वाचले की युद्धानंतरचा हा मुलूख डोळ्यांपुढे येतो. गाव उठलेले, शेत पडीक, दान कागदोपत्री खरे पण पिकत काहीच नाही. जमीन अशी असते. तिला माणसे लागतात, बैल लागतात, शांतता लागते.

चांदीला यांतले काही लागत नाही. म्हणूनच गौतमीपुत्राने चांदीचे काय केले हे पाहायचे.

त्याच्यापुढे तीन मार्ग होते. नहपानाची नाणी आहेत तशी चालू द्यायची. ती गोळा करून वितळवायची आणि नवी पाडायची. किंवा जुन्याच नाण्यावर आपला ठसा मारायचा. वितळवण्यात इंधन जाते, घट येते, नवे गोल तुकडे वजनाला नेमके उतरवावे लागतात, आणि तेवढे दिवस बाजारात चलनाचा तुटवडा पडतो. नुकत्याच जिंकलेल्या, गावे उठलेल्या मुलखात तो तुटवडा परवडणारा नव्हता. गौतमीपुत्राने तिसरा मार्ग घेतला. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, वर चंद्रकोर, खाली नागमोडी रेघ आणि भोवती ‘राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णी याचे’ असा प्राकृत मजकूर. दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह म्हणून ओळखले जाणारे, चार वर्तुळांना जोडणारे अधिकचिन्ह. हा ठसा नहपानाच्या मुद्रेवर बसला. पण खालची मुद्रा पुरती मिटली नाही. डोंगराच्या कमानीतून नहपानाचे नाक डोकावते, चंद्रकोरीशेजारी ग्रीक अक्षर उरते. वजन तेच, चांदी तीच.

गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख तिच्या नातवाच्या, पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला, तिसऱ्याच लेण्यात आहे. त्यात ती आपल्या मुलाचे वर्णन क्षहरात वंश निःशेष करणारा, शक, यवन आणि पल्हवांचा संहार करणारा असे करते. वंश निःशेष केला हे खरे. पण त्या वंशाने बाजारात निर्माण केलेली पत त्याने जपली, आणि राज्यकर्ता म्हणून त्याची थोरवी मला या दुसऱ्या कृतीत अधिक दिसते. तलवार चालवणारे राजे पुष्कळ झाले. जिंकलेल्या बाजाराचा विश्वास एका दिवसासाठीही तुटू न देणारे थोडे.

याहून महत्त्वाचा भाग राहिला आहे. जोगलटेंभीच्या साठ्यात सुमारे एक तृतीयांश नाण्यांवर नवा ठसा नाही. या एक तृतीयांशाकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. साठा गौतमीपुत्राच्या विजयानंतर पुरला गेला, कारण त्याच्या ठशाची नाणी त्यात आहेत. म्हणजे विजयानंतरही कुणाच्या तरी तिजोरीत नवा ठसा असलेली आणि नसलेली नाणी एकत्र होती. बिनठशाचे नाणे बाद झाले असते, तर हुशार माणसाने ते एकतर ठसा मारून घेतले असते किंवा आटवले असते. ठशाच्या नाण्यांबरोबर जपून पुरले नसते. ज्या अर्थी ती एकत्र पुरली गेली, त्या अर्थी बाजारात दोन्ही नाण्यांची किंमत एकच होती. म्हणून हा ठसा नाण्याला किंमत देण्यासाठी मारलेला नव्हता. किंमत त्याला आधीच होती. आता मुलूख कोणाचा आहे हे सांगण्यापुरता तो ठसा होता. सिदोनच्या नाण्यावर गलबत आणि सम्राट जसे शेजारी नांदले, तसे इथे विजेता आणि पराभूत एकाच नाण्यावर नांदले.

साठ्याचा मालक कोण असावा? एवढ्या नाण्यांची चांदी जवळजवळ तीस किलो भरते. उषवदाताच्या ३,००० कार्षापणांच्या ठेवीच्या चौपटीहून ती अधिक आहे; शेकडा बारा दराने तिच्या व्याजात वर्षाला १३२ भिक्षूंची चीवरे झाली असती. ही एका कुटुंबाची बचत असणे कठीण. त्यात रोमचे दिनारियस नाहीत, जुनी आहत नाणी नाहीत, एकाच जातीची नाणी आहेत. माझ्या मते हे एखाद्या श्रेणीचे किंवा सरकारी खजिन्याचे धन असावे, आणि ठसे मारण्याचे काम चालू असतानाच ते जमिनीत गेले असावे.

त्या नाण्यांवरच्या चेहऱ्यांनी स्कॉटना चकित केले होते. कुठे तरुण, कुठे म्हातारा, कुठे नाक सरळ, कुठे बाकदार, गालही वेगळे. इतके वेगळे, की एकाच नावाने घराण्यातल्या अनेकांनी नाणी पाडली असावीत अशी शंका त्यांनी मांडली. कारभार बेचाळीस, पंचेचाळीस वर्षे चालला, ठसे खोदणारे कारागीर वेगवेगळे, त्यामुळे चेहरे बदलत गेले, असे मला वाटते. या कारागिरांना राजा समोर बसवून चेहरा खोदायचा नव्हता. लोकांच्या सवयीचे नाणे पाडायचे होते. ग्रीक अक्षरेही याच कारणाने हळूहळू बिघडत गेली आणि पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर ती केवळ नक्षी होऊन बसली.

आज ही नाणी ठिकठिकाणच्या संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत विखुरली आहेत. रॅप्सन यांनी ब्रिटिश म्युझियमसाठी केलेली आंध्र आणि पश्चिमी क्षत्रप नाण्यांची सूची १९०८ साली प्रसिद्ध झाली, तीत या साठ्यातली नाणी आहेत. साठा एकत्र असता तर कुठल्या ठशाने किती नाणी पाडली, कुठला ठसा आधी झिजला, गौतमीपुत्राच्या टांकसाळीत किती ठसे चालले, हे सगळे एका जागी मोजता आले असते. म्हणून आपल्या शहराला माझी कळकळीची विनंती आहे. विहीर खणताना, नांगरताना, घराचा पाया काढताना नाणी सापडली, तर ती सोनाराकडे जाऊ नयेत. १८७८ च्या गुप्तधनविषयक कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, पण कायद्यापेक्षाही आपली आस्था मोठी असली पाहिजे. नाण्याबरोबरचे मडके, त्या जागेची माती, नाण्यांचा क्रम, हे सगळे मिळूनच पुरावा होतो. जुन्या नाशकातल्या मातीच्या गढीवर १९५०-५१ साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी थराथराने उत्खनन केले आणि शहराचा इतिहास कित्येक शतके मागे नेला, तो याच शिस्तीने. आणि नाण्यांच्या अभ्यासासाठी तर आपल्याला दूर जायला नको. अंजनेरीला, त्र्यंबकच्या वाटेवर, परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या विद्वानाने उभी केलेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. शाळांच्या सहली तिथे जाव्यात.

गौतमीपुत्रानंतर सातवाहनांनी एक धडा घेतला. वासिष्ठीपुत्र पुळुमावी, वासिष्ठीपुत्र सातकर्णी आणि यज्ञश्री सातकर्णी यांनी क्षत्रपांच्या धाटणीची, राजाच्या मस्तकाची चांदीची नाणी स्वतः पाडली. यज्ञश्रीचे असे एक नाणे भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली सोपाऱ्याच्या स्तूपात मिळाले. सातवाहनांच्या परंपरेत राजाचा चेहरा नाण्यावर नव्हता. बाजाराला ज्या नाण्याची सवय होती, त्याचे रूप त्यांनी उचलले. लेण्यातही हेच दिसते: बलश्रीच्या तिसऱ्या लेण्याच्या खांबांची घडण उषवदाताच्या दहाव्या लेण्यावरून घेतलेली आहे. क्षत्रपांची दुसरी शाखा, कार्दमकांची, ही चांदी इ.स. चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत पाडत राहिली. तिच्यावर शक संवताची वर्षेही येऊ लागली, आणि गुप्तांनी माळवा-गुजरात जिंकल्यावर त्यांनीही तेच वजन आणि तीच धाटणी उचलली.

सहाव्या शतकात नाशिकवर कलचुरींची सत्ता होती. त्यांच्या कृष्णराजाचे चांदीचे नाणे साधारण दोन ग्रॅमचे, एका बाजूला राजाचे मस्तक, दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी. नाशिक जिल्ह्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात ते पुष्कळ सापडले आहे. कृष्णराजाचा काळ साधारण इ.स. ५५० ते ५७५ चा. नंतर कलचुरी गेले, चालुक्य आले. आठव्या शतकाच्या सुरुवातीला, कलचुरी संवताच्या ४६१ व्या वर्षी, चालुक्यांचा मांडलिक भोगशक्ती याने विष्णूच्या देवळासाठी जे दान दिले, त्याचे ताम्रपट अंजनेरीला मिळाले. त्यांत व्यापाऱ्यांच्या नगराने द्यायची रक्कम लिहिली आहे ती चालुक्यांच्या नाण्यांत नाही. ती कृष्णराज-रूपकांत लिहिली आहे. तेव्हा कृष्णराजाला जाऊन एकशे तीसहून अधिक वर्षे झाली होती.